भांड्याला उगाच श्रेय

पूर्णा हे चहाचं गाव आहे, हे आधीच मान्य करून टाकलेलं बरं. इथे सकाळ चहाने होते, व्यवहार चहावर ठरतो आणि गाडी लेट असल्याचं कळलं की फलाटावरचा माणूस आपसूक चहाकडे वळतो. कॉफीच्या वाट्याला येतात ते पाहुणे, परीक्षेच्या रात्री आणि ‘मला चहा चालत नाही हो’ म्हणणारे व्याही. तरीही कॉफी या गावाला परकी नाही. 1900 च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेची मीटरगेज सिकंदराबादहून मनमाडपर्यंत गेली, पुढे पूर्णेहून हिंगोलीकडे फाटा निघाला आणि गाव जंक्शन झालं. दक्षिणेकडून बदलीवर आलेली माणसं रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहू लागली. त्यांतले तेलंगणातले बहुतेक आपल्यासारखेच चहावाले. पण त्याहून खालून आलेल्या एखाद्या घरी स्टीलचा दुमजली फिल्टर असायचा. शेजारणी ते भांडं पाहायच्या, कौतुक करायच्या आणि घरी येऊन दुधात इन्स्टंट ढवळायच्या.

आता मोबाइलमुळे फ्रेंच प्रेस, मोका पॉट, कोल्ड ब्रू हे सगळं पूर्णेसारख्या तालुक्याच्या गावातही कुरिअरने येऊ लागलं आहे. भांड्यांबरोबर समजुतीही आल्या, आणि जुन्या होत्या त्या गेल्या नाहीतच. त्यातल्या काही तपासून पाहू.

गैरसमज: लग्नात मिळते ती खरी एस्प्रेसो, घरी तशी होत नाही.

मंगल कार्यालयातलं ते यंत्र सगळ्यांनी पाहिलेलं आहे. आचारी स्टीलच्या मगात दूध, साखर आणि कॉफीची पावडर घेतो, वाफेच्या नळीखाली मग धरतो, फुर्रर आवाज होतो, फेस काठावर येतो. वरून चॉकलेट पावडरीची चिमूट. लहान मुलं दोन-दोन वेळा रांगेत लागतात. या कॉफीत वाईट काही नाही. फक्त ती एस्प्रेसो नाही. यंत्र दुधात वाफ सोडतं, एवढंच. कॉफी इन्स्टंटच असते.

एस्प्रेसोत वाफेने कॉफी होत नाही. अगदी बारीक दळलेली कॉफी घट्ट दाबून बसवतात आणि तिच्यातून साधारण 9 बार दाबाने गरम पाणी पंचवीस-तीस सेकंदांत ढकलतात. निघतं किती? एका वेळचं जेमतेम 30 मिलिलिटर, म्हणजे औषधाच्या दोन मोठ्या चमच्यांएवढं. वऱ्हाडी मंडळींना ते दिलं तर ‘कप भरा की हो’ असंच म्हणतील.

घरी तसा दाब तयार करणारं यंत्र महाग पडतं. स्वस्तातला पर्याय म्हणून मोका पॉट विकला जातो. हे इटलीतल्या अल्फोन्सो बियालेत्ती यांचं 1933 चं भांडं. त्यात दाब एक-दोन बारच्या पुढे जात नाही. कॉफी दाट आणि चांगली होते, पण ‘घरच्या घरी एस्प्रेसो’ ही जाहिरातीची भाषा आहे. विकत घेण्याआधी दोन गोष्टी बघा. जुन्या घडणीचा मोका पॉट ॲल्युमिनियमचा असतो, तो इंडक्शनवर चालत नाही. आणि लहान आकाराचा असेल तर आपल्या गॅसच्या शेगडीवर त्याचा पाय नीट टेकत नाही, कलंडतो. वर जाळीची पट्टी ठेवावी लागते.

गैरसमज: इन्स्टंट म्हणजे नकली, केमिकलची कॉफी.

नाही. कारखान्यात खरीच कॉफी पाण्यात उतरवतात, तो दाट अर्क गरम हवेत फवारून किंवा गोठवून सुकवतात. जी पूड राहते ती आपल्या डब्यात येते. आपण पाणी घातलं की सुकवलेली कॉफी परत ओली होते. या प्रक्रियेत सुगंध बराच उडून जातो, हा तिचा खरा दोष. नकलीपणाचा आरोप मात्र टिकत नाही.

अडचण दुसरीच आहे. किराणा दुकानातल्या बऱ्याच स्वस्त पाकिटांत नुसती कॉफी नसते, चिकोरी मिसळलेली असते. आणि इथून खरा घोटाळा सुरू होतो.

गैरसमज: रंग गडद, चव कडू, म्हणजे कॉफी कडक.

घरच्या कॉफीबद्दलचा सगळ्यात घट्ट बसलेला गैरसमज हाच, म्हणून इथे थोडं थांबू.

चिकोरी हे एक मूळ आहे. आपल्याकडे गुजरातेत आणि उत्तर प्रदेशात त्याची शेती होते. मूळ वाळवून, भाजून, दळलं की कॉफीसारखी दिसणारी पूड मिळते. तिच्यात कॅफीन अजिबात नसतं. मात्र भाजलेल्या चिकोरीचा निम्म्याहून बराच जास्त भाग पाण्यात विरघळतो, तर कॉफीचा फार तर तीस टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे चिकोरी घातली की फिल्टरमधून उतरणारं डिकॉक्शन झटकन काळं, दाट आणि कडवट-गोड होतं. पिणाऱ्याला वाटतं, वा, काय कडक कॉफी! प्रत्यक्षात रंग वाढलेला असतो आणि झोप उडवणारा भाग घटलेला.

चिकोरी म्हणजे भेसळ, असंही समजू नका. पाकिटावर लिहून विकली तर ती कायदेशीर आहे. नियमाप्रमाणे कॉफी-चिकोरीच्या मिश्रणात कॉफी किमान 51 टक्के असावी लागते आणि दोन्हींचं प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. बाजारात 80:20 मिळते, 70:30 मिळते आणि अगदी 53:47 सुद्धा. दक्षिणेत कित्येक घरांना थोडी चिकोरी मुद्दाम हवी असते, दुधात तिचा दाटपणा छान लागतो. माझं मत विचाराल तर दुधाच्या कॉफीला 80:20 पुरे. जिथे निम्मी पिशवी चिकोरीचीच आहे, तिथे आपण कॉफीचे पैसे देऊन मूळ विकत घेतो.

सुटी फिल्टर पावडर आणली असेल तर घरीच पाहता येतं. काचेच्या पेल्यात साधं पाणी घ्या, वर चमचाभर पावडर भुरभुरा, ढवळू नका. कॉफीचे कण तरंगत राहतात. चिकोरी लगेच तळाकडे निघते आणि जाताना पाण्यात तपकिरी रेघा ओढत जाते. इन्स्टंटवर हा प्रयोग चालत नाही, ती सगळीच विरघळते.

आता कॅफीनचा हिशोब. ढोबळ आहे, पण डोळे उघडणारा. इन्स्टंट कॉफीत वजनाच्या सुमारे तीन टक्के कॅफीन धरा. दीड ग्रॅमची छोटी पुडी पूर्ण कॉफीची असेल तर 45 मिलिग्रॅम, 70:30 असेल तर तीसच्या आसपास. म्हणजे साध्या चहाच्या कपाएवढं किंवा त्याहून कमी. उलट फिल्टरच्या एका कपाला दहा ग्रॅम 80:20 पावडर घातली तर शंभर मिलिग्रॅमच्या आसपास सहज जातं. रोबस्टा जातीत कॅफीन दोन टक्क्यांच्या वर असतं आणि अरेबिकात सव्वा टक्क्याच्या जवळपास, त्यामुळे दाणा कोणता यानेही फरक पडतो. भारतात पिकणाऱ्या कॉफीत रोबस्टाच जास्त.

भाजणी गडद केली म्हणून कॅफीन वाढत नाही आणि दूध घातलं म्हणून कमी होत नाही. दुधाने कडूपणा झाकला जातो, तेवढंच. ‘मी काय, दुधाचीच पितो, मला लागत नाही’ म्हणणाऱ्याने कपात पावडर किती घातली ते बघावं.

गैरसमज: चहासारखी चांगली उकळली की कॉफी मुरते.

आपला हात चहाला सरावलेला. बारीक दाण्याचा चहा दूध-साखरेसकट खळखळ उकळला तरच त्याला रंग येतो, हे खरं. तोच हात आपण कॉफीवर चालवतो. कॉफीला 90 ते 96 अंशांचं पाणी पुरतं. पाणी उकळलं, गॅस बंद केला, अर्धा मिनिट थांबलं की ते बरोबर त्या जागी येतं. त्यानंतरही उकळत राहिलं तर चांगला वास वाफेबरोबर स्वयंपाकघरात पसरतो आणि कपात तुरट, जळका कडूपणा उरतो. मग तो झाकायला आणखी साखर. इन्स्टंट तर आधीच शिजून आलेली असते. दूध-साखर उकळा, गॅस बंद करा, मग पावडर घाला.

आणि सकाळचं उरलेलं पुन्हा गरम करायचंच असेल तर डिकॉक्शन तसंच ठेवून फक्त दूध उकळा. गरम दुधात गार डिकॉक्शन ओतलं की काम झालं.

गैरसमज: जायफळ घातलं की कॉफीने झोप जात नाही.

ही खास आपली, मराठी घरातली समजूत. कॉफीत जायफळ-वेलदोडा घालण्याची रीत दक्षिणेत फारशी नाही. आपल्याकडे मात्र जायफळ नाही ती कॉफीच नाही, असं मानणारी घरं आहेत. आणि त्याला जोडून युक्तिवाद असतो की कॉफी जागवते, जायफळ निजवतं, हिशोब शून्य.

किसणीवरून दोनदा फिरवलेल्या जायफळात निजवण्याची ताकद नसते. असलीच तर ती धोक्याच्या मात्रेत असते. जायफळ पाच ग्रॅमच्या पुढे, म्हणजे जवळपास एक अख्खं जायफळ पोटात गेलं तर मळमळ, छातीत धडधड, भ्रम अशी विषबाधेची लक्षणं दिसू शकतात. लहान मुलाला ‘झोप लागेल’ म्हणून अंदाजाने जायफळ उगाळून देणाऱ्या आज्यांनी हे जरूर ऐकावं. कॅफीन मात्र चिमूटभर जायफळाला दाद देत नाही. शरीरातून अर्धं कॅफीन जायला साधारण पाच तास लागतात, कोणाला कमी, कोणाला जास्त. रात्री नऊला शंभर मिलिग्रॅम घेतलं तर दोन वाजता पन्नास शिल्लक. पोलीस भरतीचा किंवा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्यांनी रात्री अकराला कॉफी पिऊन पहाटे पाचला मैदानावर जायचं ठरवलं, तर झोप कशी लागेल? रात्रपाळीवाल्यांनाही एक सांगणं. घोट घेतल्या-घेतल्या तरतरी वाटते ती गरम, गोड पेयाची. कॅफीनचा खरा असर यायला अर्धा तास तरी जातो. कामावर हजर व्हायच्या आधी प्या.

जायफळ घालायचं ते वासासाठी. इन्स्टंट आणि दुधाशी त्याचं जमतं. चिकमंगळूरची चांगली अरेबिका मागवून तिच्यावर जायफळ किसणं मात्र मला उधळपट्टी वाटते. दोन्हींचा वास वाया.

गैरसमज: फिल्टर कॉफी हे मद्रासी लोकांचं काम, आपल्याला जमत नाही. आणि फिल्टर पितळीच हवा.

घरी चांगली कॉफी करण्याच्या सगळ्या रीतींत माझं मत याच भांड्याला. वीज लागत नाही, कागद लागत नाही, काही मोडत नाही. करण्याची रीत अशी. दोन कपांसाठी वरच्या भांड्यात तीन भरगच्च चमचे पावडर घाला, भांडं हलकेच आपटून ती सपाट करा. दांडीची चकती वर ठेवा, पण दाबून बसवू नका. उकळून थोडं विसावलेलं पाणी आधी फक्त पावडर भिजेल इतकंच, गोल फिरवत घाला. अर्धा मिनिट थांबा. पावडर फुगते, बारीक बुडबुडे येतात, ताजेपणाची ती खूण. मग उरलेलं पाणी, एकूण दीडशे मिलिलिटरपर्यंत. झाकण लावा आणि पंधरा-वीस मिनिटं त्याला विसरा. तोवर पोहे होतात.

खाली जमतं ते डिकॉक्शन. त्यात दुप्पट-तिप्पट गरम दूध, चवीला साखर. बस.

बिघडतं ते दोनच ठिकाणी. पाणी दोन मिनिटांत भसाभस खाली आलं तर पावडर जाड आहे किंवा कमी पडली. तासभर थेंबही पडला नाही तर पावडर फार बारीक आहे, चकती जोरात दाबली आहे, नाहीतर भोकं बुजली आहेत. बुजलेली भोकं आतून सुईने टोकरत बसू नका. स्टीलचं रिकामं भांडं चिमट्यात धरून गॅसच्या आचेवर क्षणभर फिरवा, अडकलेली पूड जळून जाते. मग घासून टाका.

पितळी फिल्टर उष्णता जरा जास्त वेळ धरतो. चवीतला फरक डोळे मिटून ओळखणारा मला भेटलेला नाही. कॉफी आंबट स्वभावाची असते, त्यामुळे पितळेला आतून कल्हई हवीच, आणि कल्हईवाला आता गल्लीत येतो कुठे? स्टीलचा घ्या.

पाण्याचं मात्र बघा. आपल्या भागातलं बोअरचं पाणी जड असतं. काळ्या पाषाणातून येताना ते क्षार घेऊन येतं. अशा पाण्यात कॉफीची चव बोथट होते, उत्तम पावडरही बेचव लागते. भांड्याच्या बुडाशी पांढरं साचत असेल तर कॉफीपुरतं फिल्टरचं किंवा जारचं पाणी वापरा. हजाराचं भांडं बदलण्यापेक्षा हा बदल जास्त जाणवतो.

गैरसमज: फ्रेंच प्रेसची काळी कॉफी तब्येतीला सगळ्यात चांगली.

साखर नाही, दूध नाही, म्हणून हिशोब सरळ वाटतो. पण कॉफीच्या दाण्यात तेलं असतात आणि त्यात काफेस्टॉल नावाचा पदार्थ असतो, जो रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवतो. नॉर्वेतल्या ट्रॉम्सो शहरातल्या अभ्यासातून 1983 मध्ये कॉफी आणि कोलेस्टेरॉलचा संबंध समोर आला, आणि नंतर उकळलेल्या, न गाळलेल्या कॉफीकडे बोट गेलं. फ्रेंच प्रेसची धातूची जाळी ही तेलं अडवत नाही. कागदाची गाळणी अडवते. ती जर्मनीतल्या मेलिटा बेन्ट्झ या गृहिणीने 1908 मध्ये मुलाच्या वहीतल्या टीपकागदापासून केली होती. इन्स्टंटमध्ये काफेस्टॉल जवळजवळ नसतं, म्हणजे या एका मुद्द्यावर दोन रुपयांची पुडी जिंकते. मोका पॉट आणि एस्प्रेसो मध्ये कुठेतरी.

दिवसाला एक कप पिणाऱ्याने याची चिंता करू नये. कोलेस्टेरॉलच्या गोळ्या चालू आहेत आणि फ्रेंच प्रेसचे चार मग रिचवतो, त्याने करावी. आणखी एक, दुकानातली बारीक, चिकोरीवाली फिल्टर पावडर फ्रेंच प्रेसमध्ये घालू नका. जाळीतून गाळ कपात येतो आणि दांडी खाली जाता जात नाही. त्याला जाडसर दळलेली, बिनचिकोरीची कॉफी लागते. पाव लिटर पाण्याला पंधरा ग्रॅम, चार मिनिटं.

काही छोटे गैरसमज, झटपट.

फेटलेली कॉफी कोरियातून आली? 2020 च्या लॉकडाऊनमध्ये तिला कोरियन नाव मिळालं. आपल्या घरांत मात्र कपात इन्स्टंट, साखर आणि चमचाभर पाणी घेऊन हात दुखेपर्यंत फेटणं कधीचं चालू आहे. ती फिल्टर पावडरीने होत नाही. तिथे पाण्यात न विरघळणारा चोथा असतो, फेस धरायला विरघळलेला दाट अर्क आणि साखर लागते.

कॉफी फ्रिजमध्ये ताजी राहते? डबा आत-बाहेर केला की आत दव धरतं, शिवाय शेजारच्या कोथिंबिरीचा आणि कापलेल्या कांद्याचा वास पावडर ओढून घेते. घट्ट झाकणाचा डबा, गॅसपासून लांबचं कपाट, आणि महिन्यापुरतीच खरेदी.

उन्हाळ्यात कॉफीने अंगातलं पाणी जातं? आपल्या परभणीच्या मे महिन्यात ही भीती समजण्यासारखी आहे. बर्मिंगहॅम विद्यापीठात 2014 मध्ये 50 कॉफी पिणाऱ्या पुरुषांवर झालेल्या अभ्यासात दिवसाला चार कप कॉफी आणि तेवढंच पाणी यांच्यात शरीरातल्या पाण्याच्या दृष्टीने फरक आढळला नाही. मात्र त्यातलं कोणी एप्रिलच्या उन्हात कापूस-हळदीच्या रानात राबत नव्हतं. तिथे पाणीच प्या.

जेवणावर लगेच कॉफी पचनाला बरी? जेवणातलं लोह अंगी लागायला ती अडथळा आणते. रक्त कमी असलेल्या बायकांनी आणि वाढत्या मुलींनी जेवण आणि कॉफी यांत तासाभराचं अंतर ठेवावं. गरोदरपणी दिवसाचं कॅफीन 200 मिलिग्रॅमच्या आत ठेवावं असं सांगतात. इतर निरोगी माणसांसाठी 400. यात चहाही मोजायचा, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

आता ‘मग घ्यायचं काय?’ पाहुण्यांपुरती कॉफी लागत असेल तर पूर्ण कॉफीची इन्स्टंट, दुधात उकळू नका, जायफळ हवं तर घाला. घरात रोज दोघं-तिघं पिणारे असतील तर स्टीलचा फिल्टर. काळी कॉफी खरोखर आवडत असेल आणि जाड दळलेली कॉफी मागवायची तयारी असेल तर फ्रेंच प्रेस. मोका पॉट हौसेला. एस्प्रेसोचं यंत्र पूर्णेत कोणाला घरी हवंच, असं मला वाटत नाही. आणि यातलं काहीही आणण्याआधी आज घरात आहे ते पाकीट उलटं करून चिकोरीचे टक्के वाचा.